लग्न राजपुत्राचे, पण नवरी कुठे आहे?

प्रश्न असा आला आहे: "उपासनेत आम्ही स्वतःला ख्रिस्ताची वधू म्हणवतो. मी पुरुष आहे आणि ही गाणी म्हणताना मला अवघडल्यासारखे होते. वधू म्हणजे मी, की मंडळी? दुसरे म्हणजे, मत्तय २२ मधल्या दाखल्यातला राजा मुलाच्या लग्नाला माणसांना रस्त्यावरून बोलावून आणतो आणि मग त्यांतल्याच एकाला कपड्यांवरून बाहेर काढतो. हा कसला पाहुणचार?"

गेली पंचवीस वर्षे मी बायबल-अभ्यासाचे वर्ग आणि मननाची शिबिरे घेतो. पहिला प्रश्न पुरुष हळू आवाजात विचारतात. दुसरा सगळेच विचारतात आणि जरा रागानेच विचारतात. दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणाहून सुरू होते. पवित्र शास्त्रात राजाच्या लग्नाचे चित्र पुन्हापुन्हा येते, पण त्यात आपली जागा दर वेळी बदलते. कधी आपण पाहुणे असतो, कधी दिवा घेऊन थांबलेल्या करवल्या, कधी पाणी भरणारे चाकर, कधी वराचा मित्र. वधूची जागा मात्र आधी एका जनतेची आहे, मंडळीची आहे. एकेकटा माणूस त्या जागी उभा राहतो तो मंडळीच्या आत राहून, तिला बाजूला सारून नव्हे. हे एकदा नीट बसले की अवघडलेपण बरेच कमी होते.

सुरुवात ४५ व्या स्तोत्रापासून करू. राजाच्या लग्नासाठी दरबारातल्या कवीने रचलेले हे गीत आहे. मथळ्यातच ते प्रेमगीत असल्याचे म्हटले आहे आणि कवी आपल्या जिभेला लेखकाची लेखणी म्हणतो. राजाचे नाव कुठेही नाही. आधी राजाची स्तुती येते: तलवार, बाण, राजासन. मग एक ओळ अशी येते की वाचणारा थबकतो, कारण राजाशी बोलता बोलता कवी "हे देवा, तुझे राजासन युगानुयुग आहे" असे म्हणून जातो. इब्री लोकांस पत्राने पहिल्याच अध्यायात हीच ओळ उचलून ख्रिस्ताला लावली. तेव्हापासून ख्रिस्ती माणसाने हे स्तोत्र साधे दरबारी गीत म्हणून वाचलेले नाही.

आठव्या ओवीपाशी मी वर्गाला नेहमी थांबवतो. राजाच्या वस्त्रांना बोळ, अगरू आणि दालचिनीचा सुगंध येतो आहे, हस्तिदंती महालांतून तंतुवाद्ये वाजत आहेत. आता योहानाच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय काढा. वधस्तंभावरून शरीर उतरवले आहे आणि निकदेम तिथे बोळ आणि अगरू यांचे मिश्रण घेऊन येतो. वजन सुमारे शंभर रोमी लित्रा, म्हणजे आपल्या हिशेबाने तीसबत्तीस किलो. दफनासाठी एवढे सुगंधी द्रव्य राजालाच शोभावे. लग्नाच्या दिवशी राजाच्या अंगाला जो वास होता, त्यातली दोन द्रव्ये इथे कबरेत त्याच्याबरोबर जातात. योहानाच्या मनात ४५ वे स्तोत्र होते असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण ज्याने ते स्तोत्र तोंडपाठ म्हटले आहे, त्याला ही कबर वाचताना लग्नघराचा सुगंध आल्यावाचून राहत नाही.

स्तोत्राच्या दुसऱ्या भागात कवी नवरीकडे वळतो. मुली, ऐक, कान दे, आपले लोक आणि आपल्या बापाचे घर विसर. एका शिबिरात या ओवीवर एका ताईंनी बायबल मिटून ठेवले. त्या म्हणाल्या, "हे मला लग्नात सांगितले होते आणि मी ते पाळलेही. आता देवाकडूनही तेच ऐकायचे का?" मी त्यांना समजावायला गेलो नाही. जिचे लग्न दुखावणारे होते, तिच्यासमोर 'दिव्य वर' हा शब्द सांभाळूनच ठेवावा लागतो. यहेज्केलाचा १६ वा अध्याय, ज्यात चिडलेला पती बायकोला उघडे पाडतो, तो तर मी अशा व्यक्तीच्या हाती एकट्याने वाचायला कधीच देत नाही. त्या दिवशी मी फक्त होशेयाच्या दुसऱ्या अध्यायातली १६ वी ओवी वाचून दाखवली. परमेश्वर म्हणतो, त्या दिवशी तू मला 'ईशी' म्हणशील, यापुढे 'बाली' म्हणणार नाहीस. दोन्ही शब्द नवऱ्यासाठीच वापरता येतात. पण 'बाली'मध्ये मालकी आहे, आणि बआल या दैवताचे नावही त्याच शब्दातले. 'ईशी' म्हणजे माझा माणूस. आपल्या भाषेत नवऱ्याला 'धनी' म्हणण्याची रीत होती, म्हणून मराठी कानाला हा फरक न समजावता कळतो. देव स्वतःच सांगतो की मला धनी म्हणू नकोस. त्या ताई काही बोलल्या नाहीत, पण बायबल पुन्हा उघडले.

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात हे चित्र आणखी फिरते. नवरीला न्हाऊ घालणे, सजवणे, मिरवत आणून उभे करणे ही कामे नेहमी इतर लोक करतात. इथे वर स्वतः तिला धुतो, स्वतः तिला तेजस्वी करतो आणि स्वतःच आपल्यासमोर उभी करतो. त्यासाठी आधी त्याने स्वतःला दिले आहे. शिवाय पौल उत्पत्तीतले जे वाक्य घेतो, त्यात आईबाप सोडून जातो तो पुरुष. ४५ व्या स्तोत्रात घर सोडायचे होते नवरीने. ही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवल्याशिवाय वधूविषयी कोणालाही उपदेश करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शुभवर्तमानांकडे येऊ. संदेष्ट्यांच्या ग्रंथांत इस्राएलाचा वर स्वतः परमेश्वर आहे. यशया ६२ म्हणतो, वर जसा वधूविषयी आनंद करतो तसा तुझा देव तुझ्याविषयी आनंद करील. ही पार्श्वभूमी ठेवून मार्क २ वाचा. तुझे शिष्य उपास का करत नाहीत, असे विचारल्यावर येशू सहज म्हणून जातो की वर बरोबर असताना वऱ्हाडी उपास करतील का? ऐकणाऱ्यांना हे केवढे वाटले असेल! देवाची जागा त्याने एका वाक्यात आपल्याकडे घेतली. आणि लगेच पुढचे वाक्य: पण वराला त्यांच्यापासून काढून घेतले जाईल असे दिवस येतील. लग्नाच्या गोष्टीत वरालाच नेले जाते, ही सावली तिथूनच पडते.

मात्र एक गोष्ट पाहा. या सगळ्या लग्नांत नवरी दिसत नाही. मत्तय २२ मध्ये राजा आहे, राजपुत्र आहे, चाकर आहेत, पाहुणे आहेत. नवरी नाही. मत्तय २५ मध्ये दहा कुमारी दिवे घेऊन निघतात, वर येतो, दार बंद होते. नवरीचे नाव नाही. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण आहेत, प्रत्येकात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावते, आणि द्राक्षारस चाखून भोजनकारभारी वराला बोलावतो. नवरी तिथेही नाही. सुरुवातीला मला हा निव्वळ योगायोग वाटायचा. आता वाटते की ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे, कारण नवरी अजून जमते आहे. चौकाचौकांतून, वाईट आणि चांगले, जे भेटतील ते गोळा होत आहेत. ते आत येतात पाहुणे म्हणून. हेच पाहुणे मिळून नवरी होणार आहेत, हे कळायला बायबलातल्या शेवटच्या पुस्तकापर्यंत, प्रकटीकरणापर्यंत, थांबावे लागते.

म्हणून तुम्हाला 'वधू' हा शब्द तोंडी घेणे जड जात असेल, तर शुभवर्तमानांनी दिलेल्या दुसऱ्या जागा घ्या. मला स्वतःला योहान ३:२९ मधली जागा फार जवळची आहे. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, मी वराचा मित्र आहे, मी उभा राहून त्याचा आवाज ऐकतो आणि माझा आनंद पूर्ण झाला आहे. प्रार्थनेत नुसते उभे राहून आवाज ऐकणे, एवढेच काम. मी कितीतरी वर्षे असेच केले आहे.

आता त्या बाहेर काढलेल्या माणसाविषयी. लूकच्या १४ व्या अध्यायातही अशी मेजवानी आहे. पण तिथे राजा नाही, लग्न नाही आणि पोशाखाचा प्रश्नही नाही. पोशाख फक्त मत्तयात येतो, कारण मत्तयात मेजवानी राजपुत्राच्या लग्नाची आहे. व्यासपीठावरून हमखास सांगितले जाते की राजा दारातच सर्वांना पोशाख वाटत असे आणि या माणसाने तो नाकारला. ऐकायला सोयीचे आहे, पण दाखल्यात तसा शब्द नाही, म्हणून मी ते सांगत नाही. मजकुरात जे आहे तेच पुरेसे आहे. सगळे पाहुणे त्याच रस्त्यांवरून आले होते आणि बाकीच्यांच्या अंगावर लग्नाचा पोशाख होता. तेव्हा हा गरिबीचा मुद्दा नाही. राजा त्याला 'मित्रा' म्हणून हाक मारतो. मूळ ग्रीकमधला हा संबोधनाचा शब्द मत्तयात एकूण तीनदा येतो: द्राक्षमळ्यात कुरकुरणाऱ्या मजुराला, या माणसाला आणि गेथशेमानेत चुंबन घ्यायला आलेल्या यहूदाला. तिन्ही ठिकाणी तो जवळ आलेल्या, पण मनाने दूर असलेल्या माणसाला उद्देशून आहे. राजा विचारतो, असा कसा आलास? आणि त्या माणसाला काहीच बोलता येत नाही.

प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टीन याने आपल्या प्रवचनात हा पोशाख म्हणजे प्रीती असे सांगितले. त्याचा युक्तिवाद साधा होता: बाप्तिस्मा चांगल्यांजवळही असतो आणि वाइटांजवळही, तेव्हा पोशाख म्हणजे केवळ बाप्तिस्मा असू शकत नाही. माझे वाचन याच्या जवळचे आहे. तो माणूस जेवायला आला होता, लग्नाला नव्हे. राजाच्या मुलाचा आनंद त्याच्या लेखी काहीच नव्हता.

पण मला जास्त बोचते ते त्याचे गप्प राहणे. आणि त्यावर ख्रिस्ती भक्तीने दिलेले उत्तर मला पूर्वेकडच्या मंडळीत सापडले. ऑर्थोडॉक्स परंपरेत पवित्र सप्ताहाच्या पहिल्या तीन दिवसांची प्रातःकालीन उपासना, जी बहुतेक ठिकाणी आदल्या संध्याकाळीच होते, वराच्या नावाने ओळखली जाते. "पाहा, वर मध्यरात्री येत आहे" हे गीत म्हणतात, अंधारात दिवे लावतात आणि 'वर' या नावाची प्रतिमा मिरवत आणतात. त्या प्रतिमेत काय असते ते नीट पाहा. हात बांधलेले आहेत, अंगावर शिपायांनी थट्टेने चढवलेला झगा आहे, हातात वेत आणि डोक्यावर काट्यांचा मुकुट. हा वर, आणि हाच राजा. गीतरत्न या बायबलातल्या प्रेमकाव्यात (३:११) सियोनेच्या कन्यांना बोलावले आहे की बाहेर या, शलमोन राजाला पाहा, लग्नाच्या दिवशी त्याच्या आईने त्याला घातलेल्या मुकुटासह पाहा. प्राचीन ख्रिस्ती वाचकांनी हा मुकुट काट्यांचा आहे असे ओळखले. ही प्रतिमा पहिल्यांदा समोर आली तेव्हा 'राजाचे लग्न' म्हणताना माझ्या मनात जो थाटमाट उभा राहायचा, तो सगळा गळून पडला.

याच दिवसांत तिथे आणखी एक छोटे गीत म्हणतात. त्याचा भाव असा: माझ्या तारणाऱ्या, तुझे लग्नघर सजलेले मी पाहतो आहे, पण आत यायला माझ्याजवळ पोशाख नाही. प्रकाश देणाऱ्या, माझ्या आत्म्याचे वस्त्र उजळ कर. दाखल्यातल्या माणसाला जे बोलता आले नाही, ते शब्द मंडळीने त्याच्या तोंडी घातले. 'माझ्याजवळ नाही, तू दे' एवढेच त्याने म्हणायचे होते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मला याहून चांगले उत्तर देता येणार नाही.

प्रकटीकरण १९ मध्ये कोकऱ्याचे, म्हणजे ख्रिस्ताचे, लग्न येते आणि अखेर नवरी दिसते. तिच्या अंगावर स्वच्छ, चमकदार, तलम तागाचे वस्त्र आहे. मजकूर दोन गोष्टी एका दमात सांगतो: ते तिला नेसायला दिले गेले, आणि ते म्हणजे पवित्र जनांची नीतीची कामे. कृपा की कामे, या वादात आपण किती श्वास घालवतो! हे वस्त्र एकाच वेळी दिलेलेही आहे आणि विणलेलेही. पुढच्याच ओवीत लग्नाच्या मेजवानीला बोलावलेले लोक धन्य म्हटले आहेत. म्हणजे नवरी तेच आणि पाहुणेही तेच.

मग २१ व्या अध्यायात देवदूत योहानाला म्हणतो, ये, तुला वधू दाखवतो, कोकऱ्याची पत्नी. आणि दाखवतो एक नगरी. मी वर्गात इथे लोकांना डोळे मिटून चित्र काढायला सांगतो. कोणालाच जमत नाही आणि जमू नये. वेशींवर बारा वंशांची नावे, तटाच्या पायाच्या दगडांवर बारा प्रेषितांची नावे, लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, प्रत्येकी बारा हजार स्तादिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. एवढा मोठा घन कशासाठी? १ राजे ६:२० पाहा. शलमोनाच्या मंदिरातले परमपवित्रस्थान वीस हात लांब, वीस हात रुंद आणि वीस हात उंच होते. मुख्य याजक वर्षातून एकदाच जिथे जाई, ती खोली आता अख्खी नगरी झाली आहे. म्हणूनच त्या नगरीत वेगळे मंदिर नाही. वधू हीच देवाची राहण्याची जागा. एवढ्या मोठ्या वधूत तुम्ही पुरुष आहात की स्त्री हा प्रश्न आडवा येत नाही. विचारायचे तर इतकेच, की त्या नगरीच्या वस्तीत तुम्ही आहात का.

मग एकेकट्या जिवाचे काय? ही वाट तिसऱ्या शतकात ओरिगेन या बायबल-भाष्यकाराने मोठी केली. गीतरत्नावरच्या त्याच्या भाष्यात वधू म्हणजे मंडळी आणि वधू म्हणजे जीव, अशी दोन्ही वाचने शेजारी शेजारी चालतात. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेर्व्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने ११३५ पासून ११५३ मध्ये मरेपर्यंत गीतरत्नावर ८६ प्रवचने लिहिली आणि तो जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंत पोहोचला. त्याचे श्रोते मठवासी होते, सगळे पुरुष. म्हणजे तुमचे अवघडलेपण त्याच्यासमोर रोज बसलेले होते. त्याने १२ व्या प्रवचनात जे सांगितले त्याचा आशय असा: आपल्यातला कोणीही माझा जीव प्रभूची वधू आहे असे म्हणायला धजणार नाही. पण आपण मंडळीचे आहोत आणि तिला हे नाव शोभते. जे आपल्या सर्वांजवळ मिळून पूर्ण आहे, त्यात प्रत्येकाला वाटा आहे. मी वर जे सांगितले ते तिथूनच शिकलेलो आहे. हाच बर्नार्ड २६ व्या प्रवचनात मध्येच थांबतो आणि नुकत्याच वारलेल्या आपल्या सख्ख्या भावासाठी, जेरार्डसाठी, रडू लागतो. वधूच्या प्रेमाविषयी बोलणारा माणूस भावाच्या मृत्यूवर रडायला लाजत नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला.

धर्मसुधारक ल्यूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्याविषयी लिहिताना हेच लग्न व्यवहाराच्या भाषेत मांडले. लग्नात दोघांचे सगळे एक होते. तेव्हा नवरीचे पाप आणि मरण वराच्या नावावर जाते आणि वराचे नीतिमत्त्व आणि जीवन नवरीचे होते. वर श्रीमंत आणि थोर, नवरी कंगाल आणि बदनाम, तरी तो तिला स्वीकारतो. आविलाची तेरेसा या स्पॅनिश मठवासिनीने १५७७ मध्ये जिवासाठी सात दालनांच्या किल्ल्याचे रूपक मांडले आणि त्यात वाग्दान आणि लग्न यांत फरक केला. वाग्दान म्हणजे दोन मेणबत्त्यांच्या ज्योती एक व्हाव्यात तसे, पण त्या पुन्हा वेगळ्या करता येतात. लग्न म्हणजे पावसाचे पाणी नदीत पडावे तसे. मग कोणते पाणी कुठले, हे कोण सांगणार?

वाग्दानाचा मुद्दा पौलाच्या लिखाणातही आहे. २ करिंथ ११:२ मध्ये तो मंडळीला म्हणतो, मी तुमचे एका पतीशी वाग्दान केले आहे. यहुदी रीतीत वाग्दान झाले की नाते कायद्याने पक्के होई, पण एकत्र राहणे नंतर. मिश्ना हा यहुदी नियमांचा प्राचीन संग्रह कुमारीला तयारीसाठी बारा महिन्यांची मुदत सांगते. मरीया आणि योसेफ याच अवस्थेत होते, म्हणून मत्तय १ मध्ये योसेफाला गुपचूप सूटपत्र देण्याचा विचार करावा लागला. मंडळी आज त्याच मधल्या काळात आहे. एवढे म्हणायला आधार आहे. पण योहान १४ मधल्या 'जागा तयार करायला जातो' या वाक्यावर यहुदी लग्नाचा पूर्ण कार्यक्रम उभारून तारखा काढण्यापर्यंत जाणारे लोक आहेत. त्या अध्यायात वर हा शब्द एकदाही येत नाही. त्यांच्या मागे जाऊ नका.

तुम्हाला करून पाहायला एक क्रम देतो. पहिल्या दिवशी स्तोत्र ४५, मग होशेय २, मग योहान २ आणि ३, मग मत्तय २२, आणि त्याच बैठकीत ते 'माझ्याजवळ पोशाख नाही' हे शब्द मोठ्याने म्हणा. पुढे योहान १९, मग प्रकटीकरण २१. रोज एकच जागा घ्या: आज चाकर, उद्या मित्र, परवा दारात पोशाखावाचून उभा असलेला. वधू व्हायची घाई करू नका.

शेवटच्या दिवशी प्रकटीकरण २२:१७ वाचा. ४५ व्या स्तोत्रात नवरीशी कवी बोलतो, ती एक शब्द बोलत नाही. दाखल्यांत तर ती दिसतही नाही. इथे मात्र आत्मा आणि वधू मिळून म्हणतात, "ये." आणि लगेच पुढे लिहिले आहे की जो ऐकतो त्यानेही म्हणावे, "ये." ऐकणारा पुरुष की स्त्री, ते विचारलेले नाही. त्या ओवीपाशी मी दर वेळी हा शब्द मोठ्याने म्हणतो, आणि तेवढ्यापुरता माझा आवाज तिच्या आवाजात मिसळलेला असतो.